नारळ फोडायची जागा

मोजणीला गेलं की आधी चहा येतो, आणि चहाच्या पाठोपाठ चहा देणाऱ्याची बाजू येते. म्हणून मी माझा थर्मास घेऊन फिरते. एकाच्या ओट्यावर चहा घेतला की दुसऱ्याच्या पोटात दुखतं, आणि मग दगड कुठंही रोवा, तो म्हणणारच की मॅडम तिकडच्या चहाला मिंध्या झाल्या. मोजणी खात्यात वीसएक वर्षं झाली. ऑफिसात मला मागून थर्मासबाई म्हणतात. त्याचा मला राग येत नाही. बाकी बऱ्याच गोष्टींचा येतो.

मोबाईलचा तर फारच. पूर्वी लोक बांधावर उभं राहून नुसते हातवारे करायचे, आता मोबाईल नाकासमोर धरतात. "बघा मॅडम, सॅटेलाईटमधी रेघ कुठून चाललीय." मी म्हणते, मग मला कशाला बोलावलं, सॅटेलाईटलाच बोलवायचं होतं. माझं यंत्रही सॅटेलाईटवरच चालतं, ही गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही.

राजूरच्या पुढं दोन गावांच्या शिवेवर एक डोंगर आहे. त्या डोंगराच्या मोजणीचा अर्ज असाच मोबाईलमधून निघाला होता. अर्जदार जालना एमआयडीसीत नोकरीला. वडिलोपार्जित जमीन तशी दुसरीकडं, पण दोन वर्षांपूर्वी त्यानं डोंगराच्या पायथ्याशी थोडं रान घेतलं. माणूस गोड बोलणारा, कागद नीट फायलीत लावून आणणारा. त्याच्या रानाच्या पश्चिमेला एका म्हातारीचं रान होतं, आणि शिवेच्या रेघेला अगदी खेटून तिची विहीर. याचं म्हणणं, शिवेची रेघ डोंगरावरच्या देवापासून खाली ओढ्यातल्या दगडापर्यंत सरळ जाते, नकाशात तसंच आहे. मोबाईलवर देवापासून रेघ ओढली तर ती विहिरीच्या पलीकडून जात होती. म्हणजे विहीर याच्या बाजूला.

मधले दगड मात्र वेगळंच सांगत होते. चाळीसेक वर्षांपूर्वी खात्यानं शिवेचे दगड नव्यानं बसवले, तेव्हा रेघ विहिरीच्या अलीकडून, याच्या बाजूनं गेली होती. त्या हिशेबानं विहीर म्हातारीची. तिनं या विहिरीवर सगळं आयुष्य काढलं होतं. त्या अंगाला दुसरं पाणी नव्हतं.

आता या देवाबद्दल सांगायला हवं. गावात त्याला झेंडोबा म्हणतात. शेंदरानं माखलेला, गुडघ्याएवढा चौकोनी दगड, वर पत्र्याचं छप्पर आणि खाली फरशीचा चौथरा. अमावास्येला दोन्ही गावांचे लोक वर येतात. मोजणीवाल्याच्या नजरेला तो देव दिसायच्या आधी निशाण दिसतं. इंग्रजांच्या काळात सगळा मुलूख त्रिकोणांनी मोजला गेला. एका डोंगरावरून दुसरे दोन डोंगर बघायचे, कोन मोजायचे, त्रिकोण पुरा करायचा आणि पुढच्या डोंगरावर जायचं. ज्या ज्या माथ्यावर यंत्र मांडलं तिथं दगडी खांब उभारला, त्याच्या वरच्या दगडात एक वर्तुळ आणि मधोमध एक बिंदू कोरला. मोजणारे निघून गेले. वर झेंडा फडकत होता एवढं लोकांनी पाहिलं होतं. उघड्या माथ्यावर एकटा घडीव दगड, त्यावर खूण कोरलेली. आमच्याकडं एवढ्यावर शेंदूर लागायला वेळ लागत नाही. पुढं निजामाच्या अमलात गावांचे नकाशे झाले तेव्हा मोजणीवाल्यांनी आयता मिळालेला तोच बिंदू शिवेसाठी धरला.

नव्या पोरांना मी सांगते, शेंदूर दिसला की हसू नका. ज्या निशाणांना शेंदूर लागला नाही ती लोकांनी फोडून घरांच्या पायात घातली. ज्यांना लागला ती राहिली.

अर्ज माझ्या वाट्याला आला त्या दिवशी संध्याकाळी घरी मी सहज गावाचं नाव घेतलं. आम्ही जुन्या जालन्यात राहतो, धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत. बाबा माझ्यापाशीच असतात. बाबा त्याच खात्यात होते, पण साहेब नव्हते. साखळी ओढायचे. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, सोळा आणे तिचे भाग. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा. साखळी नसेल तेव्हा झेंडा धरायचे. म्हणजे लाल-पांढरा बांबू ठरल्या जागी उभा धरून ठेवायचा, दूरवरून साहेब दुर्बिणीतून तो बघणार. अख्खा तालुका बाबांनी असा पायांनी मोजलाय. उन्हाळ्यात साखळी तापून लांबते, म्हणून सकाळच्या मापावर त्यांचा जास्त भरवसा असायचा. हे त्यांनी मला शाळेत शिकवायच्या आधी शिकवलं.

सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"त्या डोंगरावर झेंडा मी धरला व्हता," ते म्हणाले.

"बरं मग?"

"देवापाशी न्हाई धरला."

मी पोळीचा डबा तसाच ठेवला. बाबांनी सगळं एका दमात सांगितलं. बरेच दिवस मनात घोळवलेलं असावं. साहेब खाली ओढ्यापाशी तिपाई लावून बसलेले. बाबांना हुकूम होता, वर जा आणि निशाणावर झेंडा धर. बाबा वर गेले तर तिथं पाचसात माणसं पूजेला आलेली. आम्ही बौद्ध. बाबा लहान होते तेव्हाच आजोबांनी घरातले देव गोणीत भरून नदीला दिले होते, त्यामुळं बाबांना त्या दगडाचं काही वाटायचं कारण नव्हतं. पण त्या लोकांना बाबांचं वाटलं.

"म्हणले, तू कोन्या गावचा, कोन्या घरचा. मी सांगिटलं. मंग म्हणले, इकडं न्हाई, तिकडं हुभा राह्य. नारळ फोडायच्या जागेवर. सात पावलं लांब. खालून साहेब दुर्बिणीतून बघून राह्यलेले, वरडून राह्यलेले. मी तिथंच झेंडा हुभा केला. दगडात एक खळगा व्हता, त्याच्यात झेंड्याचं टोक बराबर बसलं. हालंना. म्हणलं, ठीक हाय."

"आणि साहेबांना सांगितलं नाही?"

"न्हाई सांगिटलं."

"का?"

"काय सांगायचं? का मला हाकललं म्हणून?"

मला राग आला. त्या माणसांचा आला, बाबांचा आला, आणि इतकी वर्षं मला न सांगितल्याचाही आला. पण रागाच्या खाली डोक्यात हिशेब सुरू झालाच, तो थांबत नाही. सात पावलं म्हणजे सतरा फूट. वरच्या टोकाला सतरा फूट सरकले, तर अर्ध्या वाटेवर, म्हणजे विहिरीपाशी, साडेआठ फूट. विहीर त्या साडेआठ फुटांतच होती. म्हणजे म्हातारीकडं ती विहीर राहिली होती ती बाबा चुकीच्या जागी उभे राहिले म्हणून.

"मी येतो वर," बाबा म्हणाले. "सगळ्यांच्या समोर सांगतो."

"काही गरज नाही. तुम्हाला कोणी विचारलंय का?"

इथं मला खरं सांगायला पाहिजे. बाबा गप्प राहिले असते तर मला वाट होती. जुने दगड जागेवर आहेत, वहिवाट त्याप्रमाणे आहे, असं लिहून मी म्हातारीची विहीर राखू शकत होते, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं की ती वाट बंद. मग त्या जुन्या दगडांना काही किंमत उरत नव्हती. मी त्यांना हे सगळं सांगितलं, चढ्या आवाजात सांगितलं. गल्लीतली बाई दारात येऊन उभी राहिली इतक्या चढ्या.

बाबा म्हणाले, "त्या दिशी खाली आलो तर तिनं पाणी पाजलं मला. नवी सून व्हती. वरून वतलं, पण पोटभर वतलं. तिचं वाईट व्हावं असं मला वाटतंय का? पण बाई, चुकीच्या झेंड्यावर तिची विहीर किती दिस टिकल? आज ह्यो आला, उद्या दुसरा यील. आन तवा सांगायला मी नसंन."

मी ऑफिसात साहेबांना जाऊन सांगितलं की या मोजणीत माझे वडील होते, दुसऱ्या कोणाला द्या. साहेब म्हणाले, तुमचे वडील साखळी ओढत होते ना, मोजणी तर तेव्हाच्या साहेबांनी केली होती, त्याच्याशी तुमचा काय संबंध. आपण मला बरं वाटेल असंच बोललो, असं त्यांना वाटलं.

मोजणीच्या दिवशी बाबांनी धुतलेला सदरा घातला. मी त्यांना पायथ्यापर्यंत गाडीवर मागं बसवून नेलं. डोंगर फार उंच नाही, तासाभराचा चढ, पण त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढं. पाच ठिकाणी बसले. प्रत्येक ठिकाणी बसल्यावर म्हणायचे, "हितं साखळी ठिवली व्हती," किंवा "हितं साप निघाला व्हता." मला वाटलं, माणूस आपली शिक्षा भोगायला चाललाय आणि वाटेत गमती सांगतोय. मला ना हसू येत होतं ना रडू.

वर बरीच माणसं होती. अर्जदार फाईल घेऊन, त्याच्या गावचे चारपाच जण, म्हातारीचा पुतण्या, तिच्या गावचा पोलीस पाटील, देवाचा पुजारी, आणि म्हातारी स्वतः. ती आमच्याही आधी वर पोचलेली. काठी नाही, काही नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट, तोंडात तंबाखू. मला बघून म्हणाली, "ये माय. चहा घेनार का?"

"थर्मास आणलाय," मी म्हटलं.

"आणल्याला दिसून राह्यला. इचारलं आपलं." आणि हसली. तिची विहीर जायच्या बेतात होती आणि ती माझी चेष्टा करत होती.

मी कामाला लागले. आताच्या मोजणीला साखळी नाही, झेंडा नाही. एक टोकदार काठी, तिच्यावर ताटलीएवढं पांढरं यंत्र. टोक बिंदूवर टेकवायचं, काठी सरळ धरायची, यंत्र आकाशातून आपली जागा विचारून घेतं. ओढ्यातला दगड मी आदल्या दिवशीच घेतला होता. पश्चिमेला डोंगराच्या धारेवर तिसऱ्या गावाची शीव येऊन मिळते, तिथलाही दगड घेतला होता. राहिला होता फक्त देव. देवाच्या डोक्यावर काठी टेकवायला पुजाऱ्यानं नको म्हटलं, म्हणून शेंदराला न लावता बाजूनं चार मापं घेऊन मी मधला बिंदू काढला. मग जुन्या नकाशाशी पडताळून पाहिलं.

ओढ्याच्या दगडापर्यंतचं अंतर जमत होतं. धारेवरच्या दगडापर्यंतचं मात्र सतरा फूट कमी भरत होतं. मी काठी परत लावली. परत सतरा कमी. निजामाच्या वेळच्या मोजणीवाल्यांना मी मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. सतरा हा आकडा मी चारच दिवसांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात स्वतःच काढला होता, तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

अर्जदार गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, देव तर हाय तिथंच हाय. देव काय हालतो का?"

तेव्हा बाबा उठले. आपल्या हातातल्या काठीवर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मागच्या मोजणीला झेंडा मी धरला व्हता. देवावर न्हाई धरला. मला हितं येऊ देलं न्हाई, म्हणून मी तिकडं हुभा राह्यलो. साहेबाला सांगिटलं न्हाई. ती चूक माझी हाय."

पोलीस पाटलानं चपलेनं माती उकरली. त्या दिवशी पूजेला असलेल्यांपैकी कोणी तिथं होतं की नाही मला माहीत नाही, पण दोघातिघांनी मान खाली घातली. अर्जदारानं फाईल उघडली आणि मिटली. त्याला हवं ते मिळालं होतं, पण ते अशा वाटेनं मिळेल असं त्याला वाटलं नसावं. मी म्हातारीकडं बघायचं टाळत होते.

म्हातारीनंच विचारलं, "तिकडं म्हंजी कुठं?"

"नारळ फोडतेत तिथं," बाबा म्हणाले.

"दाखव बरं."

बाबा पूर्वेच्या कड्याकडं गेले. आम्ही मागं गेलो. कड्याला अगदी लागून सपाट कातळ होता, काळा, तेलकट, करवंट्यांचे तुकडे पडलेले, नारळाच्या पाण्यानं वर्षानुवर्षं चिकट झालेला. बाबांनी काठी टेकवली. "हितं."

म्हातारीनं तोंडातला तंबाखू थुंकला आणि ती मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं की मला राग आला, म्हटलं, हिला कळतंय का काय चाललंय.

"आरं बाप्पा," ती म्हणाली, "हेच तर मूळ ठाणं हाय!"

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"बघता काय? देव आधी हितंच व्हता. हितं प्रदक्षिणा घालाया जागा कुठं हाय? एका बाईचा पाय घसरला, मरता मरता वाचली. मंग माह्या सासऱ्यानं आन अजून चौघापाचांनी देव उचलला आन तिकडं सपाटीला नेऊन बशिवला. माहं लगीन व्हायच्या आधी. सासू सांगायची. म्हणून तर पह्यला नारळ हितं फोडायचा, मंग देवाला न्यायचा. मूळ ठाण्याचा मान आधी. तुमी काय समजले, नारळ फोडाया दगड पाह्यजे म्हणून हितं फोडतेत?"

खरं सांगायचं तर सगळे तसंच समजत होते. पुजारीसुद्धा.

"आजी, हे आधी का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडले.

"इचारलं कोनी? तुमी तर चहाबी घेत न्हाईत."

आमच्याकडं देव हलवतात, पण त्याची पहिली जागा टाकून देत नाहीत. दिवा, तेल, नारळ, काही ना काही तिथं चालू ठेवतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. तरी आमच्या दोघांच्या मनात ते आलं नव्हतं, कारण आम्ही दोघं त्या जागेकडं नारळ फोडायची जागा म्हणून नाही, हाकललेल्या माणसाची जागा म्हणून बघत होतो.

जुन्या मोजणीवाल्यांची एक रीत मला ट्रेनिंगमध्ये शिकवली होती. खांब आज ना उद्या पडणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून वरच्या दगडावर जी खूण, तीच खूण बरोबर तिच्या खाली, पायातल्या कातळावरही कोरायची. वरचा दगड गेला तरी खालची खूण राहते. प्रत्यक्षात मी ती कधी पाहिली नव्हती.

मी खाली बसले. पुजाऱ्याकडं बघितलं, त्यानं मान डोलावली. पिशवीतला तारेचा ब्रश काढला, थर्मासातला चहा ओतून दिला आणि त्यात कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी घेतलं. घासायला लागले. तेल आणि काजळी सुटायला तयार नव्हती. म्हातारी शेजारी उकिडवी बसली आणि नारळाच्या शेंडीनं घासायला लागली. तिला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. अर्जदारानं स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली.

आधी मधला खळगा मोकळा झाला. बोटाच्या पेराएवढा खोल, गोल, छिन्नीनं घेतलेला. मग त्याच्याभोवती बारीक खोबण दिसायला लागली. ती वळत वळत गेली आणि परत येऊन मिळाली. वर्तुळ. वर्तुळाच्या मधोमध बिंदू. दीडशे वर्षांहून जास्त काळ ते तिथं होतं आणि लोकांनी त्यावर नारळ फोडून ते जपलं होतं.

मी यंत्राची काठी आणली, पण टेकवायच्या आधी बाबांकडं दिली. ते नको नको म्हणाले, "मला तुहं हे यंत्र येत न्हाई."

"यंत्र मी बघते. तुम्ही टोक तेवढं धरा."

बाबांनी टोक खळग्यात ठेवलं. ते आत जाऊन बसलं. वर एक छोटा पाण्याचा बुडबुडा असतो, काठी सरळ आहे की नाही दाखवायला. बाबांनी तो मधोमध आणला आणि श्वास रोखून धरला. झेंडा धरायची त्यांची जुनी सवय. आकडा यायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ त्या माथ्यावर कोणी खोकलंसुद्धा नाही.

मी आकडा बघितला. धारेवरच्या दगडाचं अंतर काढलं. नकाशाशी लावलं. चार बोटांचा फरक. निजामाच्या मोजणीवाल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. मग ओढ्याच्या दगडापर्यंत रेघ धरली आणि बाबांच्या वेळचे मधले दगड तपासले. सगळे रेघेवर होते. एकूणएक.

"काय आलं?" बाबांनी विचारलं. काठी अजून धरूनच होते.

"बरोबर आलं, बाबा. तुमचा झेंडा बरोबर होता. साहेबांनी सांगितलेल्या जागीच होता. चुकलं असतं ते देवावर धरला असता तर."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली, उपरण्यानं तोंड पुसलं, परत पुसलं. मला वाटलं होतं मी अशा वेळी काहीतरी चांगलं बोलेन. मी फक्त त्यांच्या कोपराला धरून उभी राहिले, आणि मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

अर्जदारानं फाईल काखेत मारली. तो म्हातारीला म्हणाला, "मावशी, मला काय म्हाईत देव हालिवलाय ते."

"तुला कुठून म्हाईत आसंन? तू आत्ता आत्ता आलास. पाणी लागलं तर मोटर टाक, आठ दिसातून दोन दिस. इहीर माही, पाणी काय एकटीनं पेणार हाय का मी?" हे तिनं इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की ते उपकार वाटावेत की दम, हे त्याला कळेना. पण तो हसला.

निघायच्या वेळी पोलीस पाटील बाबांपाशी आला. त्याचं वय बाबांपेक्षा बरंच कमी. हात जोडून म्हणाला, "बाबा, वर चला ना चौथऱ्यावर. बसा जरा सावलीत, देवापाशी. आता तसं काही ऱ्हायलं न्हाई." तो मनापासून बोलत होता, हे मला दिसत होतं.

बाबांनी चौथऱ्याकडं बघितलं. मग पायाखालच्या कातळाकडं बघितलं. "न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "मी हितंच बराबर हाय." आणि कड्यावरच्या त्या ओल्या कातळावर, वर्तुळाशेजारी, मांडी घालून बसले. म्हातारीनं पिशवीतून नारळ काढला, बाबांना थोडं सरकायला सांगितलं, आणि फोडला. निम्मं खोबरं त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी घरी बसून मी अहवाल लिहिला. मोजणीच्या कागदात भूकरमापकाचं नाव असतं, तारीख असते, हजर असलेल्यांच्या सह्या असतात. झेंडा कोणी धरला यासाठी रकाना नाही, कधीच नव्हता. बाबांनी सगळी नोकरी केली आणि त्यांचं नाव एकाही नकाशावर नाही. शेरा लिहायच्या जागेत मी लिहिलं, की वरचा दगड पूर्वी हलवलेला असून मूळ निशाण कातळावर शाबूत आहे, आणि मागील मोजणीच्या वेळी साखळीवाल्यानं झेंडा मूळ निशाणावरच अचूक धरला होता. पुढं कंसात बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. साहेब ते खोडतील का, याची मी पैज लावणार नाही.

बाबा समोर बसले होते. म्हणाले, वाचून दाखव.

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आजून एकदा वाच," ते म्हणाले. "जल्दी नको करू."